दिवसा सांगितलेली गोष्ट

जेवणानंतरचं सत्र कुणी हौसेनं मागून घेत नाही. पोटात वरण-भात, डोक्यावर तापलेले पत्रे आणि भिंतीला चार्टपेपर. अशा वेळी साक्षात देव शिकवायला उभा राहिला तरी माणसं पेंगणारच. केतकी मात्र ते सत्र कायम स्वतःकडे ठेवायची. "गोष्टीचं सत्र जेवणानंतरच," असं ती संस्थेतल्या सगळ्यांना सांगे, "गोष्ट झोपलेल्यालाही उठवते." यवतमाळच्या त्या प्रशिक्षण संस्थेत तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. अंगणवाडीताईंना गोल बसवायचं, एकीनं गोष्ट सुरू करायची, दुसरीनं पुढं न्यायची, तिसरीनं तिला वळण द्यायचं, हे तिला फार छान जमत होतं. आणि आपल्याला जमतं हे तिला पुरेपूर ठाऊकही होतं.

झरी जामणी तालुक्यातल्या त्या गावात मात्र गाडं अडलं. ग्रामपंचायतीच्या सभागृहात आसपासच्या गावांतल्या आणि पोडांवरच्या, म्हणजे आदिवासी वस्त्यांवरच्या, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस जमल्या होत्या. सकाळी गाणी झाली, टाळ्यांचे खेळ झाले, पदर तोंडाला लावून हसणं झालं. आणि आता केतकी म्हणाली, "चला, लहानपणी ऐकलेली एकेक गोष्ट सांगा बरं," तर सगळ्या जणी खालच्या सतरंजीकडे बघायला लागल्या.

"का हो? सकाळी तर तोंडाला कुलूप नव्हतं कुणाच्या."

शेवटी समीक्षा बोलली. सगळ्यांत तरुण सेविका ती, बी.ए. झालेली, आणि हे आपल्याला सांगावं लागतंय याची तिलाच लाज वाटत होती. "मॅडम, आमच्याकडं दिवसा गोष्ट नाही सांगत. दिवसा गोष्ट सांगतली का मामा वाट चुकते म्हणते."

"कुणाचा मामा?"

"जो सांगन त्याचा."

केतकीला हसू आलं. हे तिनंही ऐकलं होतं. तिची आई म्हणायची, पण दुपारी पिरपिर करणाऱ्या पोरीला गप्प बसवायची ती युक्ती असणार, असं तिला वाटत आलं होतं. "अहो, पण अंगणवाडी काय रात्री भरते? मग पोरांना गोष्टी सांगता कधी?"

"गाणे म्हणतो न आमी," मागून एक जण म्हणाली. "गाण्याले काई नाई होत."

सगळ्या हसल्या, पण गोष्ट काही निघेना. केतकीनं मोर्चा शकुबाईकडे वळवला. शकुबाई त्या घोळक्यातली सगळ्यांत जुनी मदतनीस, केस पांढरे झालेली, हातात तंबाखूची डबी. "शकुबाई, तुमचा मामा आता कुठला असायला? तुम्ही तरी सांगा."

"माहा मामा तं कवाच मेला, मॅडम."

"मग झालं तर. त्याला कसली वाट चुकायची भीती?"

"मेलेल्या माणसालेही वाट असते न," शकुबाई शांतपणे म्हणाली. "कायले चुकवा त्याची?"

प्रशिक्षणात गप्प बसून चालत नाही. गप्प बसलं की सत्र हातचं जातं. म्हणून ती पटकन म्हणाली, "बरं, मग मीच सांगते. माझा मामा घरात आहे. दाराला बाहेरून कडी आहे. तो कुठं वाट चुकतोय!"

हे बोलून ती हसली, आणि लगेच आपलं हसणं तिला आवडलं नाही.

तिचा मामा म्हणजे अनंतमामा. वडील गेले तेव्हा केतकी रांगत होती. आई तिला घेऊन आर्णीला भावाकडे आली ती कायमची. मामा तहसील कचेरीत कारकून होता. लग्न करीन करीन म्हणता त्यानं बहिणीचा संसार सावरला, भाचीला शिकवलं आणि स्वतःचं लग्न राहून गेलं. आता तो यवतमाळला केतकीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होता, आणि गेल्या काही वर्षांत त्याची एकेक आठवण गळत चालली होती. रोज संध्याकाळी तो पिशवीत दोन सदरे भरायचा, चपला घालायचा आणि दारात उभा राहायचा. "मला घरी जाऊ द्या," म्हणायचा. "ताई वाट बघत असेल." ताई म्हणजे केतकीची आई, त्याला अना म्हणणारी. ती जाऊनही कितीतरी वर्षं झाली होती. "मामा, अरे हेच आपलं घर," असं केतकी रोज सांगायची. मग तो पाहुण्यानं यजमानाचं मन राखावं तसं मान हलवायचा आणि खुर्चीवर जाऊन बसायचा. दिवसा त्याच्याजवळ विमलताई असत. केतकीला या जगात त्याच्याशिवाय स्वतःचं असं कुणीच नव्हतं.

"माझ्या मामाचीच गोष्ट सांगते," ती म्हणाली. "रोज झोपताना सांगायचा. पण शेवट काही मला माहीत नाही, त्याच्या आतच माझा डोळा लागायचा. तेव्हा शेवट आपण सगळ्या मिळून करायचा, हीच आजची कृती. आणि हुंकार द्यायचा हं! हुंकाराशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही, हे तरी मानता ना?"

ते त्यांना मान्य होतं.

"एक होता भाऊ आणि एक होती बहीण."

"हूं," दोघी-तिघी कशाबशा म्हणाल्या.

"बहीण म्हणाली, बाजारातून मला बांगड्या आणून दे."

"हूं."

गोष्टीची गंमत अशी, की एकदा ती सुरू झाली की माणूस फार वेळ रुसून बसू शकत नाही. भाऊ बाजारात पोचेपर्यंत सगळ्या जणी हुंकार देऊ लागल्या होत्या. त्यानं हिरव्या बांगड्या घेतल्या, उपरण्यात बांधल्या, परत निघाला. दिवस कलला. सागाच्या जंगलात आला, तर येताना जिथं एकच वाट होती तिथं आता दोन वाटा. दोन्ही सारख्याच.

"भाऊ फाट्यावर उभा राहिला. म्हणाला, आता मी..."

बाहेर केतकीचा फोन वाजला. सभागृहात रेंज येत नसे, म्हणून फोन ओट्यावरच्या खुर्चीत ठेवलेला होता. "एक मिनिट हं," म्हणत ती बाहेर गेली.

विमलताई रडत होत्या. मामा घरात नव्हता. सकाळी त्या गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या, कडी लावायची राहिली, आणि खाली येऊन बघतात तर दार उघडं, मामाच्या चपला नाहीत. आता सापडतील, मग सापडतील, म्हणून त्यांनी एवढा वेळ कळवलंही नव्हतं. शेजारचे लोक बसस्टँड पालथा घालून आले होते. पोलिसांत सांगून झालं होतं.

केतकीनं जीपवाल्या कपिलला फोन लावला. तो पंक्चर काढायला वणीला गेला होता. "निघतोच मॅडम," म्हणाला. म्हणजे तो येणार, मग यवतमाळ गाठायला तीन तास. तोवर तिनं काय करायचं? तिनं ओळखीच्या चार जणांना फोन केले, मामाचा फोटो पाठवला, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. ती आत येऊन भिंतीशी बसली. काय झालं ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. जे सगळ्यांच्या मनात आलं ते एकीनंही तोंडातून काढलं नाही. केतकीनं पाणी नको म्हटलं तरी समीक्षानं पाण्याचा गिलास तिच्या हातात दिला. "मॅडम, तुमी मनात आणू नका. ते तं सकाळीच निघाले. गोष्ट आत्ता झाली. याचा त्याचा काय संबंध?"

"तेच ना," केतकी म्हणाली. "सकाळीच गेलाय तो."

"निघाले सकाळी," शकुबाई पुटपुटली. "चुकले कवा, ते कोणं पाह्यलं?"

केतकीचा तोल गेला. "शकुबाई, पुरे! माझा म्हातारा माणूस उन्हात भटकतोय आणि तुम्ही मला भीती घालताय?"

"भीती नाई घालून राह्यली, बाई." मॅडमची बाई झाली होती. "मले काई समजत नाई. पण तो भाऊ फाट्यावर उभा हाय. त्याले तसा उभा नोका ठेवू."

केतकी शिकलेली बाई होती. अंधश्रद्धेवर तिनं सत्रं घेतली होती, पोस्टर काढली होती. एरवी तिनं या वाक्यावर अर्धा तास चर्चा घडवून आणली असती. पण मामा कुठल्याशा रस्त्यावर उभा आहे, इकडं बघतोय, तिकडं बघतोय, हे तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. जीप नव्हती. तिच्या हातात फक्त एक गोष्ट होती, आणि तीही अर्धी.

"पण दिवस आहे," ती म्हणाली. आपण हे खरंच बोललो याचं तिलाच आश्चर्य वाटलं. मग ती उठली. "रात्र करा," ती म्हणाली. "खिडक्या बंद करा सगळ्या. रात्र करा इथं."

कुणी हसलं नाही. बाया कामाला लागल्या. खिडक्यांची दारं लोटली, त्यावर सतरंज्या टांगल्या. एका खिडकीला दारच नव्हतं, तिथं कार्यक्रमाचा फ्लेक्स उलटा करून लावला. पत्र्याच्या फटींत चार्टपेपर कोंबले. शेवटी समीक्षानं दरवाजा लावला आणि उंबऱ्याशी उजेडाची रेघ राहिली तिथं स्वतःचा उन्हाचा दुपट्टा अंथरला. भर दुपारी सभागृहात काळोख झाला. शेजारणीचा हातही दिसत नव्हता. घामाचा, तंबाखूचा, तेलाचा वास तेवढा येत होता.

"सांगा, बाई," शकुबाई म्हणाली.

"भाऊ फाट्यावर उभा होता."

"हूं," अंधार म्हणाला.

"मग?" केतकीनं विचारलं.

मग तिच्या डाव्या हाताची बाई बोलली. भावानं उजवी वाट धरली, ती म्हणाली, कारण त्या बाजूनं मोहाचा वास येत होता. हूं. पुढं अस्वल बसलं होतं मोहफुलं खात, दुसरी म्हणाली, पण ते माणसाला काही बोललं नाही, बाजूला सरलं. हूं. मग नदी लागली. नदीला पाणी गुडघाभर. भावानं बांगड्या डोक्यावर धरल्या. हूं. ज्यांच्या तोंडून दुपारभर एक अक्षर निघालं नव्हतं त्या एकीमागून एक त्याला पुढं नेत होत्या, आणि प्रत्येकीच्या आवाजावरून कळत होतं की त्यांच्यासाठी ही प्रशिक्षणातली कृती केव्हाच संपली आहे. त्या खरोखरच कुणाला तरी हात धरून चालवत होत्या.

फेरा पुरा होऊन गोष्ट केतकीकडे परत आली. "भाऊ जंगलाच्या बाहेर आला," ती म्हणाली. "लांब दिवे दिसले."

बाहेर फोन वाजायला लागला.

"मॅडम," दारापासून समीक्षाचा आवाज आला. "उघडू?"

उघड, असं केतकीच्या ओठांवर आलं होतं. ती अर्धी उठलीही होती. तेवढ्यात कुणीतरी तिच्या वाक्याला हुंकार दिला.

"हूं."

तो आवाज बाईचा नव्हता. तो गोलातून आला की बाहेरून, हे कळायला मार्ग नव्हता. पण नाकातून ओढलेला, शेवटी किंचित वर जाणारा तो हुंकार केतकीला जन्मापासून ठाऊक होता. ती लहानपणी शाळेतलं काहीबाही सांगत बसायची आणि मामा पेपर वाचता वाचता अगदी असाच हुंकार द्यायचा. शेजारच्या बाईनं तिचा दंड गच्च धरला. म्हणजे तिनंही ऐकला होता. साऱ्यांनीच ऐकला होता.

"थांब," केतकी समीक्षाला म्हणाली. "उघडू नकोस."

फोन वाजत राहिला. तो बंद पडायचा आणि पुन्हा वाजायचा. केतकीचं तोंड चालू राहिलं. ऐकणारा जागा आहे तोवर थांबायचं नाही, एवढंच तिला कळत होतं.

"भाऊ गावात आला. त्यानं रस्ता ओलांडला. एक मोठी इमारत लागली. तो दोन जिने चढला. दार उघडंच होतं. आत पंखा चालू होता. त्याची खुर्ची खिडकीशी होती, चहा झाकून ठेवला होता. भाचीनं त्याला हाताला धरून आत घेतलं. भाऊ घरी पोचला."

हुंकार आला नाही.

"पोचला घरी," केतकी पुन्हा म्हणाली. "पलंगावर धुतलेली चादर होती. भाची म्हणाली, आता कुठं जायचं नाही हं."

काहीच नाही. बाहेर फोन तेवढा ठणाणत होता.

"हुंकार नाई देल्ला त्यायनं," शकुबाई कुजबुजली.

केतकीला सगळं कळलं, आणि ते कळायला नको होतं असं तिला वाटलं. त्या फ्लॅटला मामानं एक दिवसही घर म्हटलं नव्हतं. तिथं नेलं तर तो दाराबाहेरच उभा राहणार. आणि जिथं तो जाऊ म्हणत होता तिथं नेलं, तर तो तिला परत मिळणार नव्हता. हे तिला कुणी सांगितलं नाही. आईच्या वेळी दवाखान्यात जसं कुणी न सांगता कळलं होतं, तसंच आताही कळलं. तिला तो हवा होता. पिशवी भरून दारात उभा राहणारा, तिचं नाव विसरलेला, कसाही, पण हवा होता. दार उघडावं, उजेड आत घ्यावा, ही सगळी खुळी गोष्ट उधळून लावावी, असं तिला फार वाटलं. गोष्ट अर्धी राहिली असती. मामा फाट्यावर राहिला असता. पण राहिला असता.

मग तिनं डोळे पुसले.

"भाऊ मागं फिरला," ती म्हणाली. "तो जिने उतरला."

"हूं," आवाज लगेच आला.

"त्यानं आर्णीची वाट धरली. कचेरीच्या मागची गल्ली आली. टिनाचं छप्पर दिसलं. दारातला शेवगा दिसला."

"हूं."

"दारात बहीण उभी होती. हाताला ज्वारीचं पीठ होतं. तिनं त्याला लांबूनच पाहिलं. ती म्हणाली..." इथं केतकीचा आवाज बदलला. तिनं तो मुद्दाम बदलला नव्हता. "अना, आलास काय रे? किती वेळची वाट पाहून राह्यली. ये. हातपाय धू, गरम भाकर वाढते."

या वेळचा हुंकार लांब होता. दिवसभर चालून आलेला माणूस ओट्यावर टेकताना जसा सुस्कारा टाकतो, तसा तो सावकाश विरत गेला. त्याच्या पाठोपाठ बाहेरचा फोनही वाजायचा थांबला.

"संपली," केतकी म्हणाली.

समीक्षानं दार उघडलं. ऊन एकदम आत आलं आणि सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले. केतकी ओट्यावर गेली. फोनवर एकाच अनोळखी नंबरचे कितीतरी मिस कॉल होते. तिनं तो लावला.

"हॅलो, मॅडम का? मी सेवादास बोलून राह्यलो, आर्णीहून. गॅरेज हाय माहं, गाड्या दुरुस्तीचं. एका बाबायच्या कॉलरीत तुमचा नंबर होता, मार्करनं लिवलेला."

"हो. मीच लिहिलाय. ते माझे मामा आहेत."

"एसटीनं आले वाट्टे. गॅरेजपुढच्या बाकड्यावर येऊन बसले. म्हणे हे माहं घर हाय. माह्या बापानं ही जागा घेतली तवा इथं जुनं घर होतंच, म्हून मी म्हटलं, बसा बाबा. अन् तुमाले फोन लावला. तुमी उचलत नोत्या."

"मी आत होते," केतकी म्हणाली.

"तं बाबा म्हणे, दे इकडं. कानाले लावून बसले. रिंग तुटली का मी बटन दाबून पुन्हा लावून देत होतो. मी म्हटलं, बाबा, नुसती रिंगच जाऊन राह्यली, कोणी बोलत नाई तिकून. तं मले हातानं चूप केलं. अन् हूं म्हणले. मंग मधातच एकदम चूप झाले. तोंड असं उतरलं का मलेच कसंतरी वाटलं. मी फोन घ्याले गेलो तं देल्ला नाई. थोड्या टायमानं पुन्हा हूं, हूं चालू झालं. मंग हासले, मॅडम. 'आलो ताई' म्हणले, फोन माह्या हाती देल्ला, अन् भिंतीले टेकून डोळे लावले. मले वाटलं, थकले, झोपले." सेवादास थांबला. "शेजारी दवाखाना हाय. डॉक्टर आले हायेत आता. ते म्हणतात का..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही आणि केतकीनं ते करायला लावलं नाही. तिच्या मागं दारात सगळ्या बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"एक विचारू, मॅडम?" सेवादासचा आवाज खाली आला होता. "तुमी तं फोन उचललाच नाई. मंग ते कोणाचं आयकून राह्यले होते?"

"माझंच," केतकी म्हणाली. "मी त्याला घरी पोचवत होते, भाऊ."

एवढं बोलून ती तिथंच ओट्यावर खाली बसली आणि बायांच्या देखत मोठ्यानं रडली.